मिसळणाचा डबा हाताशी हवा: सॉफ्टवेअर मंद का चालतं?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर कित्येक तास यूपीआय अडखळत होतं. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, रिक्षातून उतरताना माणसं फोन हातात धरून ते गोल फिरणारं चाक बघत उभी होती. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने नंतर तपास केला, तेव्हा कारण निघालं ते असं: काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं पुढे काय झालं?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, प्रचंड संख्येने विचारत होत्या. त्या विचारणांच्या गर्दीत खऱ्या व्यवहारांना वाट मिळेना. पुढे १ ऑगस्ट २०२५पासून नियम आला, की एका अ‍ॅपवरून खात्यातली शिल्लक दिवसाला ५० वेळाच बघता येईल.

तेव्हा अनेकांनी विचारलं, “नुसती शिल्लक बघितली तर काय बिघडतं? पैसे थोडेच इकडचे तिकडे होतात?” प्रश्न रास्त आहे. पण कॉम्प्युटरसाठी बघणं हेसुद्धा कामच असतं. कुणीतरी दार ठोठावतं, आतल्याने उठायचं, वही काढायची, पान शोधायचं, आकडा सांगायचा, वही जागेवर ठेवायची. त्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे साडेसात हजार. शिल्लक बघण्यासाठी ठोठावलेली दारं यात धरलेलीच नाहीत.

मी प्रोग्रामर आहे, आणि माझी बरीच वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली, वापरून वापरून मंद झालेली सॉफ्टवेअरं पुन्हा चालती करण्यात गेली आहेत. या कामात एक गोष्ट इतक्या वेळा दिसली, की ती सांगण्यासाठीच हा लेख लिहितेय. यंत्र फार क्वचित कमी पडतं. बहुतेक वेळा आपण त्याला नको असलेलं काम सांगितलेलं असतं.

आधी यंत्राचा वेग बघू

फोनमध्ये हिशेब करणारी जी चिप असते तिला प्रोसेसर म्हणतात. साध्या, स्वस्त फोनच्या प्रोसेसरचं घड्याळही सेकंदाला २०० कोटींच्या आसपास टोले देतं, आणि प्रत्येक टोल्याला तो एखादी बेरीज, एखादी तुलना असं छोटं काम उरकतो. अ‍ॅप उघडायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात एक हजार कोटी टोले पडून गेले. एका पानावर चार बटणं आणि एक नाव दाखवायला एक हजार कोटी टोले लागत असतील, तर ते गेले कुठे हे विचारायलाच हवं.

आपल्याला वाट बघणं कधी खुपतं, याचेही ठोकताळे आहेत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३मध्ये ते मांडले आणि आजही तेच वापरले जातात. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आलं, तर ते ‘लगेच’ आलं असं वाटतं. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. दहा सेकंद झाले की मन दुसरीकडे जातं.

स्वयंपाकघरातली अंतरं

टोले जातात कुठे? सर्वांत जास्त जातात सामान येण्याची वाट बघण्यात.

प्रोसेसरला हिशेबासाठी माहिती लागते आणि ती वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेली असते. अगदी जवळची माहिती मिळायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. हा वेळ डोक्यात मावत नाही, म्हणून एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं धरू आणि सगळंच त्या प्रमाणात ताणू.

फोडणी करताना हात मिसळणाच्या डब्याकडे जातो. मोहरी, हळद, हिंग, न बघता मिळतं. हा झाला एक सेकंद. प्रोसेसरच्या पोटातच अशी छोटीशी जागा असते, तिला कॅश म्हणतात. डब्यातली मोहरी संपली असेल, तर फडताळातली बरणी काढायची, झाकण उघडायचं, डबा भरायचा. दीडेक मिनिट गेलं. ही झाली रॅम, यंत्राची कामापुरती स्मृती. फोनमध्ये फोटो आणि फाइली कायमच्या साठवणाऱ्या चिपवरून माहिती आणायची, तर आपल्या ताणलेल्या हिशेबात दिवसाहून जास्त लागतो, म्हणजे तालुक्याच्या बाजाराला जाऊन मुक्काम करून परत यायचं. जुन्या पद्धतीच्या, आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कला जवळपास चार महिने. तेवढ्यात मोहरी पेरून तिचं पीक हाती येईल. आणि ती माहिती अमेरिकेतल्या एखाद्या कॉम्प्युटरवर असेल, तर विचारणा जाऊन उत्तर परत येईपर्यंत सहा वर्षं. आंब्याचं कलम लावावं, त्याला फळ धरावं, एवढा काळ.

फोडणी तीच, मोहरीही तीच. फरक फक्त ती कुठून आणली याचा.

यातलं शेवटचं अंतर पैसे टाकूनही फारसं कमी होत नाही. समुद्राखालच्या काचेच्या तारांमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरला, तरी जाऊन येऊन सेकंदाचा आठवा भाग लागणारच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तो निसर्गाचा नियम आहे. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांमध्ये श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या आणि सांगायच्या, हा एक नॅनोसेकंद. एवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त इतकंच अंतर जाते. हातात तुकडा धरला की गोष्ट कळते.

या चित्रातून कुशल प्रोग्रामरची पहिली सवय समजते. पुन्हा पुन्हा लागणारं सामान तो डब्यात ठेवतो. आणखी एक बारकावा आहे. प्रोसेसरने एक दाणा मागितला, तरी रॅममधून एकदम वाटी भरून येते. बहुतेक यंत्रांत ती ६४ बाइटांची असते (एक बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी माहिती). लगेच लागणाऱ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या असतील, तर पुढच्या खेपा वाचतात. त्या विखुरलेल्या असतील, तर प्रत्येक दाण्यासाठी नवी बरणी काढावी लागते. दोन प्रोग्राम अगदी तीच आकडेमोड करतात आणि एक दुसऱ्याच्या दहापट वेळ घेतो, असं या एवढ्याशा कारणाने होऊ शकतं.

सदतीस मिनिटांची व्याज आकारणी

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत गेले होते. तक्रार अशी, की महिनाअखेरीला व्याज आकारणी लावली की कॉम्प्युटर ‘झोपतो’. तिथे लेखनिक असलेल्या ताई म्हणाल्या, “मॅडम, हे लावलं की मी डबा खायला जाते. येते तोवर झालेलं असतं, नाहीतर झालेलं नसतं.” व्यवस्थापकांनी नवा कॉम्प्युटर घ्यायची तयारी केली होती, कोटेशनसुद्धा मागवलं होतं.

मी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि आतमध्ये काय चाललंय ते बघायला लागले. अकरा हजार खाती. प्रत्येक खात्यासाठी प्रोग्राम पाच वेळा विचारणा करत होता: नाव काय, शिल्लक किती, व्याजदर कोणता, मागची आकारणी कधीची, पिग्मी एजंट कोण. सगळी माहिती मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांच्या विचारणांना उत्तर देणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर होती. एक विचारणा जाऊन परत यायला ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. तसं बघितलं तर काहीच नाही. पण अकरा हजार गुणिले पाच म्हणजे पंचावन्न हजार खेपा. पंचावन्न हजार वेळा सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणजे दोन हजार दोनशे सेकंद. छत्तीस मिनिटं चाळीस सेकंद. भिंतीवरच्या घड्याळात सदतीस मिनिटं झाली होती.

त्या सगळ्या वेळात ताईंचा कॉम्प्युटर जवळजवळ बसूनच होता. एक आकडा मागायचा, वाट बघायची. वाण्याकडे जाऊन मीठ आणायचं, घरी ठेवायचं, मग साखरेसाठी परत जायचं. यादी आपल्या खिशात असते, पण आपण ती वाण्याच्या हातात देत नाही.

दुरुस्ती तशी साधी होती. एकेका खात्याची चौकशी बंद करून सगळी यादी एकदम मागवायची, आणि मग व्याजाचा हिशेब जागच्या जागी करायचा. पंचावन्न हजार खेपांच्या चार झाल्या. आकारणी पंधरा सेकंदांत उरकायला लागली. कोटेशन फायलीत राहिलं.

हा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला मी दोष देणार नाही. त्याने लिहिला तेव्हा सर्व्हर त्याच खोलीत कपाटाशेजारी होता आणि खाती तीन हजारांच्या आत होती. त्या वेळी ही आकारणी काही सेकंदांत होत असणार. पुढे खाती वाढली, सर्व्हर मुंबईला गेला, आणि दोन्ही वेळा ‘आता हा प्रोग्राम एकदा तपासून बघू’ असं कुणाला सुचलं नाही. मंदपणा असाच येतो, रोज थोडा थोडा.

काम दुप्पट, वेळ चौपट

खेपांपेक्षाही घातक असा एक प्रकार आहे, आणि तो समजायला जगभर गाजलेलं एक उदाहरण आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा व्हिडिओ गेम २०१३मध्ये आला. तो सुरू व्हायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागत, आणि लाखो लोक वर्षानुवर्षं ती वाट बघत राहिले. २०२१च्या सुरुवातीला कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रामरने, मूळ प्रोग्राम हाती नसताना, मोजमाप करत कारण शोधून काढलं.

गेममध्ये विकत घेता येणाऱ्या वस्तूंची सुमारे १० एमबीची यादी सुरुवातीला वाचली जात होती. वाचायची पद्धत कशी होती ते बघा. कुणीतरी पोथीचं पारायण करतंय. एक ओवी वाचायची. मग तिथून शेवटपर्यंत किती अक्षरं उरली ती सगळी मोजायची. मग दुसरी ओवी. परत शेवटपर्यंत मोजणी. वाचणाऱ्याला ते मोजायचं नव्हतं. त्याने वापरलेल्या तयार साधनाला आतून तशी सवय होती, आणि ते कुणी तपासलं नव्हतं.

पुढचा भाग आणखी वाईट. यादीतल्या सुमारे ६३ हजार वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू ठेवताना ‘ही आधी आली आहे का?’ म्हणून मागच्या सगळ्या वस्तूंशी ताडून बघितली जाई. पहिल्या काही वस्तूंना त्याचा त्रास नाही. पण त्रेसष्ट हजारावी वस्तू येते तेव्हा मागे त्रेसष्ट हजार उभ्या असतात. सगळ्या तुलनांची बेरीज होते सुमारे १९८ कोटी.

लग्नात हजार पाहुणे आले आणि प्रत्येक जोडीत एकदाच नमस्कार व्हायचा असं ठरलं, तर किती नमस्कार होतील? जवळपास पाच लाख. पाहुणे दुप्पट झाले तर नमस्कार चौपट, वीस लाख. प्रोग्राममध्ये हे रूप शिरलं की दहा पाहुण्यांवर केलेल्या चाचणीत काहीच जाणवत नाही आणि खऱ्या मांडवात सगळं ठप्प होतं. यावर उपाय म्हणजे मोजायची रीतच बदलणं. कॉम्प्युटरच्या भाषेत अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात. त्या प्रोग्रामरने दोन्ही जागी रीत बदलली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर सहा मिनिटांचं काम एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं. रॉकस्टार या कंपनीने ते मान्य केलं, मार्च २०२१मध्ये दुरुस्ती सगळ्यांना दिली आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं.

चांगल्या रीतीची ताकद किती असते? एक कोटी नावांची यादी अकारविल्हे लावलेली आहे आणि एक नाव शोधायचंय. सुरुवातीपासून एकेक बघत गेलं, तर सरासरी पन्नास लाख नावं बघावी लागतील. पण मधोमध उघडून ‘आपलं नाव आधी की नंतर?’ असं विचारत दर वेळी निम्मी यादी सोडून दिली, तर जास्तीत जास्त २४ वेळा बघून काम होतं. यादी दोन कोटींची झाली तर २५ वेळा.

पण नवं, दमदार यंत्र घेतलं की भागतं ना?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि एके काळी तो बराचसा खराही होता. चिपवरचे सूक्ष्म घटक ठरावीक काळाने दुप्पट होत जातील असं अमेरिकी चिपतज्ज्ञ गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये म्हटलं आणि दशकानुदशकं तसं होत गेलं. घटक लहान झाले की घड्याळही वेगवान करता येई. प्रोग्राम मंद असला, तरी दोन वर्षं थांबलं की तो आपोआप पळायला लागे.

ते घड्याळ २००५च्या आसपास अडलं. आणखी वेग वाढवला तर चिप इतकी तापते, की ती थंड ठेवणं परवडत नाही. तेव्हापासून घरगुती कॉम्प्युटरची घड्याळं फार हळू वाढली. कंपन्यांनी मग एका चिपवर चार-आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात केली, त्यांना कोअर म्हणतात. पण आठ कोअर म्हणजे आठपट वेग नव्हे. पुरणपोळ्यांना आठ जणी बसल्या, तर लाटणं-भाजणं वाटून घेता येईल. डाळ शिजायला लागणारा वेळ आठाने भागता येत नाही. अमेरिकी संगणकतज्ज्ञ जीन अम्डाल यांनी १९६७मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा दहावा भाग जरी वाटून घेता येण्यासारखा नसेल, तरी कितीही हात लावले तरी वेग दहापटीच्या वर जात नाही.

शिवाय नव्या यंत्राने मिळालेला वेग सॉफ्टवेअर खाऊन टाकतं. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञांनी १९९५मध्येच तक्रार केली होती, की यंत्रं ज्या गतीने वेगवान होताहेत त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर मंद होतंय.

या वादात मला सगळ्यात पटणारा पुरावा २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी आकड्यांच्या दोन मोठ्या चौकटींचा गुणाकार घेतला, प्रत्येक चौकट ४,०९६ ओळी आणि ४,०९६ स्तंभांची. तो पायथन या सोप्या भाषेत साध्या पद्धतीने लिहिला, तेव्हा सुमारे सात तास लागले. मग यंत्र तेच ठेवून फक्त प्रोग्राम सुधारत नेला. भाषा बदलली, सगळ्या कोअरांना काम वाटून दिलं, आकडे मिसळणाच्या डब्यात मावतील असे तुकडे पाडले, प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरल्या. शेवटी तोच गुणाकार ०.४१ सेकंदात झाला. साठ हजारपटींहून जास्त फरक. एवढ्या पटीने वेगवान यंत्र दुकानात मिळत नाही.

एरवी नीट चालतं, मग निकालाच्या दिवशीच का अडतं?

दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी हा अनुभव घराघरांत येतो. याचं कारण रांगेच्या गणितात आहे.

दवाखान्यात डॉक्टर एका पेशंटला सरासरी पाच मिनिटं देतात आणि पेशंट मनाला येईल तेव्हा येतात. डॉक्टरांचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर आत जाऊन बाहेर पडेपर्यंत सरासरी दहा मिनिटं जातात. वेळ ८० टक्के भरला तर पंचवीस मिनिटं. ९० टक्के भरला तर पन्नास. ९९ टक्के भरला, तर पाचशे मिनिटं, आठ तासांहून जास्त. डॉक्टर तेच, प्रत्येकाला पाच मिनिटंच देताहेत. सर्व्हरचंही असंच होतं. शेवटच्या थोड्याशा भाराने रांग आवाक्याबाहेर जाते, आणि मग वैतागून प्रत्येक जण पान पुन्हा पुन्हा ताजं करतो. म्हणजे एकच पेशंट रांगेत पाच वेळा उभा राहतो. एप्रिलमध्ये यूपीआयचं झालं ते याच जातीचं होतं.

इथेही मोठ्या सर्व्हरच्या आधी साध्या विचाराचा उपयोग होतो. निकाल एकदा लागला की बदलत नाही. मग प्रत्येक विचारणेला मूळ वहीत गुण शोधून नवं पान कशाला बनवायचं? सगळी पानं आदल्या रात्री तयार करून देशभरातल्या सर्व्हरांवर ठेवून देता येतात. विचारणारा आला की तयार पान हातात द्यायचं.

भार आवाक्याबाहेर गेलाच तर काय करायचं, याचं उत्तम उदाहरण चंद्रावरचं आहे. २० जुलै १९६९ला अपोलो ११ उतरत असताना यानातल्या कॉम्प्युटरने १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांनी त्याचा वेळ खाल्ला होता आणि कामं मावेनाशी झाली होती. पण ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी कुठलं काम आधी आणि कुठलं सोडून द्यायचं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. कॉम्प्युटर स्वतःला पुन्हा सुरू करून, बिनमहत्त्वाची कामं टाकून, उतरण्याचा हिशेब करत राहिला. त्याची कामापुरती स्मृती होती अवघी दोन हजार ‘शब्दां’च्या आसपास, आणि इथे शब्द म्हणजे एक आकडा मावेल एवढी जागा. आजच्या किती सरकारी संकेतस्थळांवर ‘गर्दी झाली तर आधी काय वाचवायचं’ हे कुणी ठरवून ठेवलेलं असतं?

कुशल हात नेमकं काय करतात?

आधी मोजतात. कोणत्या ओळीवर किती वेळ जातो हे दाखवणारं साधन असतं, त्याला प्रोफायलर म्हणतात. रक्त तपासल्याशिवाय गोळी देऊ नये, तसं मोजल्याशिवाय प्रोग्रामला हात लावू नये. इतक्या वर्षांनंतरही माझा पहिला अंदाज बऱ्याचदा चुकतो आणि मोजणी भलतीकडेच बोट दाखवते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४मध्ये लिहिलं, की ९७ टक्के ठिकाणच्या बारीकसारीक वेगाचा विचार सोडून द्यावा, अकाली केलेली काटकसर सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे. ते वाक्य आळसाला पाठिंबा म्हणून फार वापरलं जातं. त्याच्याच पुढे त्यांनी म्हटलंय, की उरलेल्या मोक्याच्या तीन टक्क्यांत संधी सोडू नये. ते सहसा कुणी सांगत नाही.

जागा सापडली की पहिला प्रश्न असतो, हे काम करायलाच हवं का? बऱ्याचदा नको असतं. हवं असेल, तर एकदा करून उत्तर जपून ठेवता येईल का? अनेक खेपांची एक करता येईल का? वापरणारा समोर बसलाय तेव्हा थोडंसं दाखवून बाकीचं मागाहून आणता येईल का? बातमीच्या पानावर मजकूर आधी आला आणि फोटो नंतर आले, तरी वाचणाऱ्याचं अडत नाही. प्रोसेसरच्या खास आज्ञा वगैरे फार पुढची पायरी. बहुतेक दुरुस्त्या पहिल्या प्रश्नापाशीच संपतात.

वेगवान प्रोग्राम क्लिष्ट होतो, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. काम कमी केलं की ओळीही कमी होतात. पतसंस्थेतल्या त्या दुरुस्तीत नव्या ओळींपेक्षा पुसलेल्या जास्त होत्या.

मग सगळेच असं का लिहीत नाहीत?

कारणं खरी आहेत. मुदत जवळ आलेली असते. मालकाला नवी सोय दाखवायची असते, वेग दाखवता येत नाही. एक छोटं कॅलेंडर हवं म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेला तयार प्रोग्राम आणला जातो, तो सोबत आणखी वीस घेऊन येतो. आणि लिहिणाऱ्याच्या टेबलावर नवा लॅपटॉप आणि ऑफिसचं जोरदार वायफाय असतं. त्याच्याकडे सगळं पळतं.

“प्रोग्रामरचा वेळ महाग, यंत्राचा स्वस्त” हेही म्हटलं जातं. वर्षातून एकदा चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ते मला मान्य आहे. पण एक कोटी लोक रोज उघडतात त्या अ‍ॅपने दोन सेकंद जास्त घेतले, तर रोज दोन कोटी सेकंद जातात. म्हणजे साडेपाच हजार तास, दोनशे एकतीस दिवस. रोज. हा वेळ यंत्राचा नाही, माणसांचा आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

तो सगळ्यांचा सारखाही जात नाही. ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याला तेच पान दोन सेकंदांत दिसतं. आठ हजारांचा फोन घेऊन, रेंजच्या दोन काड्यांवर पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्याला तीस सेकंद लागतात, मग पान अर्ध्यात तुटतं, मग पहिल्यापासून सगळं. शेवटी तो सेतू केंद्रावर जातो, आणि तिथल्या रांगेत एक दिवसाची मजुरी बुडते. मंद सॉफ्टवेअरची किंमत ज्याला परवडत नाही त्याच्याकडूनच वसूल होते, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून मी दोन जुने, स्वस्त फोन कामाच्या टेबलावर ठेवते आणि माझं काम आधी त्यांच्यावर चालवून बघते.

तुमच्या हातात काय आहे?

थोडंसंच. फोनची साठवण काठोकाठ भरलेली असेल, तर तो हमखास मंदावतो. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळ हळू करतो, म्हणून उन्हात चार्जिंगला लावून त्याच्याकडून वेगाची अपेक्षा करू नका. पैसे पाठवताना चाक फिरत राहिलं, तर लगेच पुन्हा बटण दाबू नका, थोडं थांबा. आणि अ‍ॅप मंद असेल तर तसं तक्रारीत लिहा: कोणता फोन, कोणतं पान, किती सेकंद. ‘चालत नाही’ यावरून कुणाला काही शोधता येत नाही. ‘सातबाऱ्याच्या पानाला चाळीस सेकंद’ यावरून शोध सुरू करता येतो.

पतसंस्थेतली दुरुस्ती केल्यानंतरच्या महिनाअखेरीला ताईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. “मॅडम, काहीतरी चुकलंय. मी बटण दाबलं आणि लगेच ‘पूर्ण झाले’ आलं.” बरोबर आहे म्हटलं, तरी त्यांची खात्री पटेना. लोकांच्या पैशांचा हिशेब, त्यांना पटायलाच हवी होती. त्यांनी मागच्या महिन्याची तेरीज काढली, वीस खाती निवडली आणि कॅल्क्युलेटर घेऊन एकेकाचं व्याज हाताने मोजलं. मी फोनवर थांबले होते. पलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत होता, मधूनच त्या खातेक्रमांक पुटपुटत होत्या. विसावं खातं पैशापर्यंत जुळलं, तेव्हा त्यांनी प्रिंट काढली.